अर्ध्या गोळीचा सौदा

पेडगावच्या आश्रुबा दलालानं उभ्या जन्मात कुठल्या गोष्टीचा पहिला सांगितलेला भाव दिला न्हाई. वांगे असोत, वहाणा असोत, नायतर देवीचा नवस असो. मनकर्णाच्या वेळंला बायको बायनाबाई बाळंतपणात अडली, तवा हा गडी सटवाईपुढं हात जोडून म्हणाला, "आई, सुखरूप सोडव, पाच नारळं फोडतो." पोरगी झाली, बाई वाचली, आणि ह्यानं नारळं नेली तीन. वर देवीलाच समजावलं, "आई, तुझं बी राहू दे, माझं बी राहू दे." देवी काय बोलते बिचारी! दगडाची असली की सगळं ऐकून घ्यावं लागतं. बायनाबाई काही दगडाची नव्हती, पण ऐकून घेण्यात ती देवीच्याही वरचढ.

आश्रुबाचं काम परभणीच्या बैलबाजारात. इकणारा एकीकडं, घेणारा एकीकडं आणि मधी हा, तोंडात पान आणि खांद्यावर लाल दस्ती, मोठ्या रुमालाएवढी. बैलाचा भाव तोंडानं बोलायचा न्हाई ही तिथली रीत. उघड आकडा बोलला की शेजारच्याचे कान टवकारतात, सौदा नासतो आणि बैलाला नजर लागते ती येगळीच. म्हणून दलाल दस्ती पसरतो, तिच्याखाली त्याचा आणि समोरच्याचा हात जातो आणि बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच, आणि तळहातावर बोट आडवं ठिवलं की अर्धा. वरून दोघं सोयऱ्याधायऱ्याची तब्येत इचारायलेत, पावसाला नावं ठिवायलेत, आणि खाली घासाघीस चाललेली. मुंजाजी त्याच्या जोडीचा दलाल. तो म्हणायचा, "आश्रुबाचा हात हातात आला की माणूस ऐकतोच. त्या बोटाला जबान हाय." आणि एक कायदा सगळ्या दलालांचा सारखा. दस्तीखाली कळलेलं दस्तीखालीच ठिवायचं. आईची शपथ घातली तरी वर आणायचं न्हाई.

बायनाबाईला ह्या रीतीची लय चीड. "घरात बी असंच करतेत," ती म्हणायची. "मनात काय हाय ते तोंडानं सांगतच न्हाईत. आता मी काय रोज दस्ती घेऊन बसू का ह्यांच्यापुढं?"

बोलून गेली बाई. बसावं लागलं.

त्या वर्षी दिवाळी होऊन थंडी पडली होती. आश्रुबा ओट्यावर बशीत च्या वतून पीत बसलेला. बायनाबाई चुलीपुढं. बशी फुटल्याचा आवाज आला तशी ती तिथूनच वरडली, "फोडा अजून एक! आता करवंटीत देते." उत्तर आलं न्हाई. उत्तर न देणारा माणूस न्हाई हा, म्हणून ती बाहेर आली. आश्रुबा भिंतीला कलंडलेला. तोंडाचा एक कोपरा खाली वघळलेला, त्यातून च्या गळायलेला. उजवा हात मांडीवर असा पडला होता, जसा कोणी दुसऱ्यानं आणून ठिवलाय.

"वारं गेलं गं, बायने, वारं गेलं अंगावरून!" शेजारची धुरपताबाई छाती बडवत आली. धुरपताबाईला कोणाच्या घरी काही झालं की न बोलवता इलाज सुचतो. "पारव्याचं रक्त चोळ. आमच्या मामाचा पाय असाच आला होता."

"तुझा मामा दुसऱ्या दिवशी गेला, धुरपते."

"गेला, पण पाय आला होता."

बायनाबाईनं पारवा धरायला निघालेल्या एका पोराला थांबवलं आणि मुंजाजीला हाक मारली. मुंजाजीनं भाजीचा टेंपो थांबवला, वांग्याच्या पाट्या खाली उतरवल्या आणि आश्रुबाला घोंगडीत गुंडाळून परभणीला नेलं. वाटभर बायनाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तो काहीतरी सांगायला बघत होता, पण जीभ नुसती घोळायली.

दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, दाढी वाढलेली, डोळे झोपेला आलेले. त्यानं दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा बघितला आणि परत दाबून परत बघितला. "प्रेशर दोनशेच्या वर आहे. आधी कधी तपासलं होतं?"

"बैलाचे दात तपासतेत रोज," बायनाबाई म्हणाली. "सोताचं काही न्हाई."

"मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गाठ अडकली आहे."

"मग ते प्रेशर उतरवा की लौकर! इंजेक्शन द्या."

"आज नाही." डॉक्टरनं हातातला फुगा खाली ठेवला. माणूस शेतकऱ्याच्या घरचा असावा, कारण सांगायचं कसं ते त्याला ठाऊक होतं. "मावशी, पाटात गाळ अडकला, पुढचं वावर वाळायलंय. कडेकडेनं थोडं पाणी झिरपतंय, त्यावर काही रोपं जगतील. अशा वेळी मागून पाण्याचा जोर एकदम कमी केला तर ती बी जातील. म्हणून पहिले काही दिवस चढं आहे तर थोडं चढं राहू द्यायचं, नुसती नजर ठेवायची. मग हळूहळू उतरवायचं. आणि एकदा उतरवलं की जन्मभर उतरवूनच ठेवायचं. नाहीतर दुसरा झटका येतो, आणि तो पहिल्यासारखा दयाळू नसतो."

खाटेवर पडल्या पडल्या आश्रुबा हे ऐकत होता. कान दोन्ही चांगले होते. पण दलालाचा कान तो! बोलणं सगळं आत घेतो आणि कामाचं तेवढं ठिवतो.

घरी आणलं तवा जीभ बरीच वळायली होती. बोलणं जाड झालं होतं, तोंडात भाकरीचा घास असावा तसं. पाय फरफटत का व्हईना, उचलायला लागला. हात मात्र मेलेला. डॉक्टरनं रोज एक पांढरी गोळी दिली होती, जन्मभराची. लोणचं बंद, पापड बंद, तंबाखू बंद, भाजीत मीठ नावाला.

"ह्यो डॉक्टर," आश्रुबा म्हणाला, "भाव बदलतोय."

"काय?"

"पहिल्या दिवशी म्हणला चढं राहू द्या. निघताना म्हणतो रोज उतरवा. जो गडी भाव बदलतो, बायने, त्याच्यापाशी अजून उतरायला जागा असती."

"अवं, तो काय खोंड इकायलाय का तुमाला?"

"सगळे इकायलेच बसलेले असतेत."

तरी पहिले काही दिवस त्यानं गोळी पूर्ण घेतली, खोटं कशाला बोला. पण गोळी घेतली की खाटेवरून उठताना त्याच्या डोळ्यापुढं अंधारी यायची. एकदा न्हाणीत बसकण मारली आणि पाठ सोलून घेतली. डॉक्टरनं सांगून ठिवलं होतं, चक्कर आली तर या, गोळी बदलू. पण परभणीला जायचं म्हंजे दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून एस.टी. चढायची, आणि बाजारातल्या चार जणांनी ते बघायचं. आश्रुबानं ते मोडीत काढलं. त्यानं आपला हिशेब मांडला. बैलाचं रक्त गरम असंल तर बैल वढतो. रक्त उतरवलं की तोच बैल जू टाकून मधीच बसतो. मग आधीच मेलेल्या हातात जीव यायचा तर अंगातला जोर उतरवून कसं चालंल?

"अर्धी घेतो," तो म्हणाला. "डॉक्टरचं बी राहू दे, माझं बी राहू दे."

देवीला गंडवलेलं वाक्य! बायनाबाईला ते कळलं न्हाई असं न्हाई. पण न्हाणीतली ती सोललेली पाठ तिनंच धुतली होती. ती आत गेली, सुपारीचा अडकित्ता आणला आणि गोळी मधोमध कातरली. तंबाखूसंगट सुपारीही सुटली होती, तवा अडकित्ता बसूनच होता. त्याला काम मिळालं.

हाताच्या कसरतीला डॉक्टरनं रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. आश्रुबा चेंडूकडं बघायचा पण न्हाई. "मी काय लेकरू हाय का?" मग एका दुपारी बायनाबाईनंच दार लोटलं, त्याची लाल दस्ती पसरली आणि आपला हात तिच्याखाली घातला.

"घाला हात. माझं एक बोट धरा."

आश्रुबा तिच्याकडं बघतच राहिला. बाई पन्नाशीच्या पुढं गेलेली, नातवंडं झालेली, आणि भर दुपारी दार लोटून हात धरा म्हणायली! "येडी झालीस का? कोणी बघितलं तर?"

"बघितलं तर म्हणंल, म्हातारा सुधारला."

त्यानं डाव्या हातानं उजवा उचलला आणि दस्तीखाली सारला. थंडगार होता तो, पाण्यातून काढल्यासारखा. बायनाबाईनं आपलं बोट त्याच्या तळहातात ठिवलं. काही झालं न्हाई. रोज दुपारी हेच. ती तेल चोळायची, बोटं एकेक उघडायची-मिटायची, मग दस्ती. वरून ती बाजारातल्यासारखं बोलायची, "काय पावनं, पाऊसपाणी कसं हाय तुमच्याकडं?" आणि तो चिडून म्हणायचा, "वाळलंय सगळं."

आणि संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस, असंच काहीतरी बडबडत असताना, तिच्या बोटाला काहीतरी लागलं. आधी तिला वाटलं भास. मग परत. मुंगीनं धरावं एवढंच, पण धरलं.

"एक," ती म्हणाली, आणि दस्ती डोळ्याला लावली.

"हं," आश्रुबा म्हणाला. अर्ध्या तोंडानं हसला. "अर्ध्या गोळीनं आला बघ हात."

हात कसरतीनं येत होता, तेलानं, तिच्या रोजच्या दुपारींनी. ही गोष्ट त्याला कोण सांगणार? आणि खरं सांगायचं तर तिला तरी कुठं पक्की ठाऊक होती. गोळी अर्धी झाली आणि हात यायला लागला, दोन्ही तिच्या डोळ्यादेखत. मग तिनं अडकित्त्याला धार लावून घेतली.

सरकारी दवाखान्यातली सुलाबाई नर्स आठवड्याला फेरी करायची. बौद्धवाड्यातली बाई, पूर्णेच्या रेल्वेतल्या कामगाराची लेक, तोंडाची फटकळ. पट्ट्याची पेटी काखेत धरून यायची. आश्रुबाचं आणि तिचं जमायचं, कारण दोघांनाही वाद घातल्याशिवाय च्या गोड लागायचा न्हाई.

"तुमच्या मोर्च्यानं आमचा बाजार मोडला परवा," आश्रुबा म्हणायचा. "इतकी वर्षं झाली, एका विद्यापीठाच्या नावाचा सौदा हुईना. उघड्यावर बोललं की असंच होतं. दस्तीखाली घेतला असता तर कवाच मिटला असता."

"मामा, ह्यो सौदा न्हाई, हक हाय. हकात घासाघीस नसती. हात सरळ करा." ती फुगा दाबायची. पारा चढायचा आणि तिच्या कपाळाला आठी पडायची. "हे काय? अजून इतकं चढं? रोज घेता ना गोळी?"

"रोज घेतो. इचार तुझ्या मामीला."

बायनाबाई उठली. "च्या टाकते," म्हणाली, आणि चुलीकडं तोंड करून बसली. खोटं तर बोलले न्हाईत, तिनं मनाला समजावलं. रोज का, असं इचारलं. पूर्ण का, असं कुठं इचारलं? इतकी वर्षं दलालाचा संसार केलेली बाई, तेवढं तिलाही यायला लागलं होतं.

"मामी, मिठाकडं बघा," सुलाबाई जाताना म्हणाली. "आणि ह्यांना डॉक्टरकडं न्या, गोळी वाढवावी लागंल. डोकं दुखत न्हाई म्हणून बरंय असं समजू नका. हे दुखणं आवाज करीत न्हाई."

बायनाबाईनं मीठ अजून कमी केलं. रात्री आश्रुबा भाजी चाखून म्हणाला, "ही गवत हाय का भाजी?" तिनं ऐकून घेतलं. वाटलं, मिठातून भरून काढू गोळीचं.

उन्हाळ्यात त्याचा पंजा मिटायला लागला. सगळा न्हाई, करंगळी मागं राहायची. पण दस्तीखाली तो तिला दोन सांगायचा, तीन सांगायचा, आणि आडवं बोट ठिवून अर्धा सुद्धा. आता तिलाही बोटांची भाषा अशी यायला लागली की त्यानं "पावनं, काय म्हणतेत लेकरंबाळं" म्हणायच्या आत तिनं भाव वळखावा. चारचौघात त्याची जीभ अडखळायची, म्हणून तो बोलायचंच टाळायचा. दस्तीखाली अडखळायचा न्हाई. कधी कधी कसरत संपली तरी दोघं हात तसेच ठिवून बसायचे.

पेरणीच्या आधीचा मोठा बाजार आला. "जातो," तो म्हणाला.

"एक सौदा," ती म्हणाली. "एकच. आणि मी संगट येणार."

बैलबाजारात बाई! पण आली. लिंबाच्या सावलीला पाण्याची कळशी घेऊन बसली. मुंजाजीनं आश्रुबाला हाताला धरून दावणीपाशी नेलं. जुने गडी गोळा झाले. कोणी म्हणलं, "वारं मागं फिरलं की!" आश्रुबानं दस्ती पसरली. सेलूकडचा एक गडी होता, पांढऱ्या खोंडांची जोडी मागायलेला. त्याचा हात एका बाजूनं गेला, आश्रुबाचा दुसऱ्या बाजूनं. बायनाबाईचा जीव त्या लाल कापडाखाली. तिला वरून नुसती हालचाल दिसत होती, पण तिचीच बोटं पदराखाली आपोआप मिटायली, तीन, दोन, आडवं. मग दोघांनी हात काढले आणि सेलूवाल्यानं खोंडाच्या पाठीवर थाप मारली. झाला सौदा.

आश्रुबा तिच्याकडं चालत आला. पाय फरफटत होता, पण चाल जुनीच, छाती पुढं काढून.

"पाणी दे," म्हणाला. "घाम बघ. लय दिवसांनी घाम आला."

घरी आल्यावर तिनं अडकित्ता काढला तसा त्यानं हात आडवा केला. "आज सुटी दे. आज मला चक्कर नको. आज मी बाजार मारून आलोय, मी डॉक्टरला भेत न्हाई."

तिनं गोळी परत पुडीत ठिवली. वर लोणच्याची फोड मागितली, ती पण दिली. इतक्या महिन्यांनी माणूस हसायलेला, कोण नको म्हणंल?

दुसरा झटका पहाटंला आला. ह्या वेळंला बशी फुटली न्हाई, काहीच आवाज झाला न्हाई. ती उठवायला गेली तवा तो जागाच होता, नुसता वर बघत होता. ह्या खेपंला डावी बाजू गेली, उजव्या हातानं कमावलेलं गेलं, आणि जीभ गेली ती कायमची. परभणीच्या दवाखान्यात तोच डॉक्टर होता. त्यानं पारा बघितला, मग बायनाबाईकडं बघितलं, काही इचारलं न्हाई. तिला वाटलं इचारावं. इचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तिला पुढं कितीदा वाटलं. पण न इचारता सांगायचं कसं, ते ह्या घरात कोणी शिकवलंच नव्हतं.

मग पावसाळा गेला. मनकर्णा सासरहून येऊन राहून गेली. बायनाबाई त्याला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पेज चमच्यानं घशाला लागणार न्हाई अशी सोडायची. आणि रोज एक गोळी, अख्खी, वाटून पाण्यात कालवून. डॉक्टरनं दुसरी दिली होती, हिनं चक्कर येत नव्हती. यायला आता उठतो कोण? अडकित्ता तिनं धुरपताबाईला देऊन टाकला. धुरपताबाईनं कारण इचारलं न्हाई, ही एक नवलाचीच गोष्ट.

संक्रांतीला सुलाबाई आली ती पेढ्याचा पुडा घेऊन, डोळे रडून सुजलेले आणि तोंडावर हसू. "झालं, मामी! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. रेडिओवर सांगितलं." तिनं पेढ्याचा कण बोटावर घेतला आणि आश्रुबाच्या जिभेवर लावला. "मामा, झाला बघा सौदा. तुमी म्हणत होता हुईना. आता भांडा की माझ्यासंगट."

आश्रुबाचे डोळे तिच्याकडं वळले. पेढ्याची लाळ हनुवटीवर आली. सुलाबाईनं ती पुसली, पट्टा बांधला, पारा बघितला आणि परत बघितला.

"लय चांगलं हाय, मामी. एकदम पाहिजे तसं." पाहिजे तसं हाय, पण आता ते कोणाला पाहिजे होतं? पेटी बंद करायला तिला उगंच येळ लागला.

दुपारी मुंजाजी तिळगूळ घेऊन आला. खाटेजवळ बसला, बाजाराच्या चार गोष्टी आश्रुबाला सांगितल्या, वरच्या आवाजात, बहिऱ्याला सांगावं तशा. मग खांद्यावरची दस्ती काढून आश्रुबाच्या हातावर पसरली आणि आपला हात खाली घातला. "बोल, दोस्ता. पाडव्याला कितीला ठिवायची जोडी?"

पंजा हलला न्हाई. मुंजाजीनं नुसतं नाक शिंकरलं.

"वैनी," तो म्हणाला, "एक इचारू का? गोळ्या चालू होत्या ना ह्याच्या? गाव म्हणतं, गोळ्या खाऊनच असं झालं. धुरपताबाई तर म्हणती, डॉक्टरकडं न्यायलाच नको होतं, पारवाच बरा होता. माझं बी प्रेशर निघालंय आता. मी गोळ्या घ्याव्या का न्हाई, ते तरी सांगा."

बायनाबाईनं आश्रुबाकडं बघितलं. तो तिच्याकडंच बघत होता. डोळ्यात काय होतं ते वाचायला दस्ती नव्हती.

"चालू होत्या की," ती म्हणाली. "रोज."

मुंजाजीनं मान हलवली आणि हात काढून घ्यायला लागला. तसा बायनाबाईनं आपला हात दस्तीखाली सारला. मुंजाजी दचकला. दिराच्या नात्याचा माणूस, तिनं कधी त्याच्यापुढचा पदर ढळू दिला नव्हता. त्या लाल कापडाखाली आश्रुबाचा थंड पंजा होता, मुंजाजीचा घामेजलेला होता, आणि मधी तिचा. तिनं मुंजाजीचा तळवा उघडला आणि त्यावर बोट ठिवलं. आडवं.

मुंजाजी जुना दलाल. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं न्हाई. तो तिच्याकडं बघेना, आश्रुबाकडं बघेना, बराच वेळ उंबऱ्याकडं बघत बसला.

"पाऊसपाणी बरं होतं औंदा," शेवटी म्हणाला.

"व्हय," बायनाबाई म्हणाली. "बरं होतं." मग तिनं अजून एकदा हात दाबला, आणि ह्या वेळंला बोट आडवं न्हाई, उभं ठिवलं, पूर्ण, नख रुतंल असं. एक. अख्खी.

मुंजाजी उठला, फेटा नीट केला, आणि दस्ती तिथंच विसरून गेला. सांजच्याला बायनाबाईनं वाटीत गोळी वाटली, चमचा घेतला, आणि ती दस्ती आश्रुबाच्या हनुवटीखाली लावली, गळलं तर टिपायला.